लाल खुंट्यांचे वाफे

३ फेब्रुवारी

ताई,

फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत भांडतो आणि मग बाबांना मध्ये पडावं लागतं, म्हणून या वेळी लिहून पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच नाक मुरड.

मला तुझ्या शेताचा एक तुकडा हवा आहे. चोवीस वाफे, टोमॅटोचे, एका हंगामापुरते.

गेली सहा वर्षं ज्या कामाला मी स्वतःला जुंपून घेतलंय, ते आता काचघरातून बाहेर पडायला तयार आहे. बाबांना सोपं करून सांग. आपण जमिनीत जे नत्रखत टाकतो, त्यातलं निम्म्याहून जास्त झाडाला लागतच नाही. पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. आम्ही नत्राचे इतके बारीक कण केलेत की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील. प्रत्येक कणावर कोळंबीच्या टरफलांपासून काढलेलं पातळ वेष्टण आहे. फवारले की ते पानाच्या पाठीवरच्या छिद्रांतून आत जातात आणि तिथे हळूहळू विरघळतात. जमलं तर चौथा हिस्सा खत पुरेल. तुमच्या पंपघराच्या भिंतीवर 'हे पाणी तान्ह्या बाळांना देऊ नये' असं जे रंगवलंय, ते कशामुळे हे तुला माहीत आहेच.

बारा वाफ्यांना लाल खुंट्या, बारांना पिवळ्या. दोन्ही रंगांच्या पिशव्या आणि कॅन पाठवते. लालला लाल पिशवीतलं खत आणि लाल कॅनमधली फवारणी, पिवळ्याला पिवळं. एका रंगात जुनी पद्धत आहे आणि फवारणी नुसत्या पाण्याची, दुसऱ्यात नवी. कुठल्या रंगात काय ते तुला सांगणार नाही. सांगायचं नसतंच, म्हणजे मन कुणीकडे झुकत नाही. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं: पाणी, खुरपणी, बांधणी. वाफ्यांखाली बाटल्या पुरू, त्यांतलं झिरपलेलं पाणी आमचा माणूस येऊन नळीने काढून नेईल.

असे तीन तुकडे घ्यायचेत. दोन अनोळखी लोकांचे आहेत. तिसरा आपल्या घरचा असावा असं वाटलं. बाबांच्या खुर्चीतून दिसेल असा रस्त्याकडचा दे.

फवारणी सकाळी, ऊन चढायच्या आत, पानाच्या खालून. सूचनांचा कागद जोडला आहे. कृपा करून वाच.

कणी

•

१२ फेब्रुवारी

कणी,

शेवटपर्यंत वाचलं. नाक एकदाच मुरडलं, तेही 'कृपा करून वाच' इथे. मी अठ्ठावीस वर्षं टोमॅटो लावते आहे. पानाला पाठ असते हे मला कागदावरून कळायची गरज नव्हती.

तुकडा देते. रस्त्याकडचाच देते.

बाबांच्या डोळ्यांवर आता पुरता पडदा आलाय आणि ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे ढकलली, त्यामुळे पत्र मीच वाचून दाखवलं. केसाच्या जाडीत हजार कण हे ऐकल्यावर त्यांनी मला दोनदा थांबवलं. तेव्हापासून न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाला स्वतःच्या उरलेल्या केसांतला एक धरून दाखवताहेत. वाफे आखायचे म्हटल्यावर म्हणाले, माझी टेप काढ. सरकारी मोजणीदार निवृत्त झाला तरी टेप निवृत्त होत नाही. त्यांना बांधावर खुर्ची टाकून दिली, एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं घेऊन मी चिखलात. दर वाफ्याला विचारत होते, 'कणीनं किती सांगितलंय?' जसं काही मला आकडा कळणारच नाही.

खुंट्या ठोकल्या आहेत. पिशव्या आल्या की खत घालते. तू अधूनमधून ये असं लिहिणार होते, पण तुझा माणूस नळी घेऊन येणार आहे म्हणतेस, तेव्हा ते राहू दे.

ताई

•

२० मार्च

ताई,

पहिली पानमोजणी मिळाली. तुझे आकडे किती नेटके आहेत. आमच्याकडे पदव्या घेतलेली पोरंसुद्धा असं लिहीत नाहीत.

सोबत कात्रण पाठवते. रविवारच्या अंकात माझी मुलाखत आली आहे, अर्धं पान, फोटोसकट. लहानपणी आईच्या नखरंगाची बाटली घेऊन पानाच्या पाठीला रंग लावला, वाळल्यावर तो पापुद्रा सोलून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पानाची छिद्रं, ती उघडी तोंडं, दिसली, ती गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्यांनी मथळाच त्यावर केला, 'एकटीनं पाहिलेली हजार तोंडं'. जरा नाटकी आहे, पण इथे सगळ्यांना आवडला. बाबांना सगळी वाचून दाखव. फोटो त्यांना दिसणार नाही, तर माझ्या अंगात कुठला कोट आहे ते तरी सांग.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नाही. या कामाचा स्वतंत्र विभाग होणार आहे आणि त्याला प्रमुख नेमायचा आहे. एक मी आणि दुसरा आमचा चष्मेवाला. माझ्यानंतर दोन वर्षांनी आला, पण मोठ्या साहेबांच्या खोलीत बसून बोलता येतं त्याला. तिन्ही तुकड्यांचे निकाल पाहून जूनमध्ये ठरवतील. तो जेवायला बसला की मी दुसऱ्या टेबलावर जाते. त्याचा घास उतरताना बघवत नाही. हे वाचून हसू नकोस.

बाबांना विभागाचं सांग. म्हणजे ते झाल्यातच जमा धरतील, पण सांग.

कणी

•

२ एप्रिल

कणी,

मुलाखत मिळाली. फोटो चांगला आलाय.

पाने, उंची, फुलांचे झुबके सोबतच्या कागदावर आहेत. लाल वाफे छान चाललेत. पिवळे बरे आहेत.

बाबांची तब्येत ठीक. त्यांना वाचून दाखवलं.

ताई

•

३० मे

ताई,

तुझा शेवटचा तक्ता परवा मिळाला. मी तो तीन वेळा तपासला, चौथ्यांदा मुद्दाम चष्मेवाल्याकडून तपासून घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून घरी निघून आले.

आता रंग फोडायला हरकत नाही. पिवळं म्हणजे नवं. बाकीच्या दोन तुकड्यांत पिवळ्यांनी चौथ्या हिश्श्याच्या खतात लालइतकंच पीक दिलं, एका ठिकाणी तर थोडं जास्तच. तुझ्या शेतात लाल वाफे जवळजवळ दीडपट पुढे आहेत. दीडपट. जुन्या खतात इतकं पीक कुठल्याच नोंदीत नाही. म्हणजे पिवळ्यांचं काहीतरी बिघडलं, आणि ते फवारणीतच बिघडलं असणार.

खरं सांग, उन्हात फवारलंस ना? की वरून फवारलंस? की कॅन हलवून न घेताच ओतलास? तुला कुणी काही लिहून दिलेलं चालत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तू नेहमीच आपलं तेच खरं करतेस. एरवी ते तुझ्या घरात चालतं, बाबाही चालवून घेतात. इथे माझी सहा वर्षं होती.

नेमणूक ठरवणाऱ्या समितीनं बैठक पुढे ढकलली आहे. तीनपैकी एका ठिकाणी सपशेल तोंडावर पडलेली गोष्ट लोकांच्या शेतात कशी पाठवायची, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. चष्मेवाल्यानं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. त्या ग्लासाचा मला जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नसेल.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांना सांग, चाललंय.

कणी

•

८ जून

कणी,

फवारणी तेवीस वेळा केली. प्रत्येक वेळी सूर्य पंपघराच्या कौलांवर यायच्या आत. प्रत्येक वेळी कॅन शंभर वेळा हलवून, गुडघ्यावर बसून, पानाच्या खालून. गुडघे सोलवटले आहेत, हवं तर त्यांचाही फोटो काढून पाठवते, तुमच्या वर्तमानपत्राला उपयोगी पडेल. पिवळ्या वाफ्याला जेवढं खत सांगितलं तेवढं घातलं, जेवढं पाणी सांगितलं तेवढं दिलं. यात एक शब्द खोटा निघाला तर मला नावं ठेव.

आणि आता विषय काढलाच आहेस तर ऐक. मुलाखतीत तू एकटी होतीस. मी ती पाच वेळा वाचली, एखाद्या कोपऱ्यात तरी मी असेन म्हणून. शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असायची? काचपट्ट्या धुवायचं काम सरांनी कुणाला दिलं होतं? मी अकरावीत होते आणि तू चौथीत. आई जाऊन दोन महिने झाले होते, तिचा नखरंग मी तिच्या कपाटातून काढला होता, आणि तो पानाला लावावा हेही माझ्याच डोक्यात आलं होतं. पापुद्रा मी सोलला. तोंडं आधी मी पाहिली. मग तुझा हात पोचेना म्हणून तुला स्टुलावर चढवून कंबरेला धरून उभी राहिले. 'ताई, हे हसताहेत,' असं म्हणाली होतीस तू.

पुढच्या वर्षी घरात स्वयंपाकाला आणि शेतात बाबांच्या मदतीला कुणीतरी लागणार होतं. त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही, आजही काढत नाही. पण निदान ते एक पान तरी माझं राहू द्यायचं होतंस.

ताई

•

२ जुलै

कणी,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं. तरी हे लिहिते आहे, कारण मागच्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता आणि तरी ते पत्र खोटं होतं.

पिवळ्या पिशवीत नवं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पिशवी फोडून दाणे बोटांत चोळले. लाल पिशवीतले चुरगळले, हाताला चिकटले. पिवळ्यात चारातले तीन हिस्से नुसती वाळू, वजन सारखं भरायला घातलेली. तुम्ही इतके शिकलेले लोक, पण शेतकऱ्याची बोटं तुमच्या हिशेबात नव्हती. तेव्हा नुसतं हसू आलं होतं. मनात काळंबेरं नव्हतं.

मग मुलाखत आली.

त्या दिवसापासून मी लाल वाफे माझे मानले. पिवळे तुझे. तुझ्या वाफ्यांना मी उपाशी ठेवलं नाही, कागदात होतं तेवढं सगळं केलं. पण लालला मी काय काय केलं ते सांगते. सकाळ-संध्याकाळ पाणी विभागून दिलं, मुळांभोवती पेंढ्याचं आच्छादन घातलं, पानांच्या बेचक्यात फुटणाऱ्या बगलफुटी रोज खुडल्या, अळ्या हाताने वेचल्या, फुलं उमलली की काडीने एकेक झुबका हलवला म्हणजे फळ धरतं. मला जे जे येतं ते सगळं त्या बारा वाफ्यांत ओतलं. लोकांना वाटेल मी तुझं नुकसान करायला निघाले होते. मला तसं वाटत नव्हतं. वाटायचं की एकदा तरी माझा हात आणि तुझं डोकं समोरासमोर उभं राहावं आणि बाबांच्या खुर्चीसमोर माझा हात जिंकावा.

मला तुझा हेवा वाटतो, कणी. तू यावंस असं वाटतं आणि आलीस की कधी जातेस असं होतं. बाबा तुझं नाव घेतात तेव्हा त्यांच्या आवाजात एक वेगळाच सूर लागतो. मी समोर ताट ठेवते तेव्हा तो लागत नाही.

आता हे सगळं का सांगते आहे ते. दोन गोष्टी झाल्या.

मागच्या आठवड्यात शेजारची सून वाटेत भेटली. तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याच्यासाठी ती रोज दोनदा लांबच्या नळावरून पाण्याचा कॅन वाहून आणते. तिनं विचारलं, तुमच्या बहिणीचं ते बारीक खत चाललं का? मी म्हटलं, नाही चाललं. तिनं कॅन खाली ठेवला, पदराने मान पुसली, परत उचलला आणि गेली. माझ्यामुळे तिला अजून किती वर्षं तो कॅन वाहावा लागेल, असा विचार आला आणि मला घरी जाववेना. बांधावरच बसून राहिले.

तिथे बाबा होते. म्हणाले, कणीच्या पत्राचं काय झालं? मी म्हटलं, सांगितलं ना, चाललंय बरं.

'पत्र दोन पानांचं होतं,' ते म्हणाले. 'पान उलटल्याचं मला ऐकू आलं. वाचून दाखवलंस ते चार ओळींचं. त्याच्या आधी मुलाखत होती, तीही तू मध्येच संपवलीस.'

मग म्हणाले, 'मी तीस वर्षं भावाभावांच्या जमिनी मोजल्या. बांध कुणी एका दिवसात सरकवत नाही. दर वर्षी नांगराचं एक तास, एका रेघेपुरती जमीन, पलीकडून घेतात, बस. विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, मी काहीच केलं नाही, आणि त्याला ते खरंच वाटत असतं. लाल वाफ्यांत तू किती वेळ असतेस ते मला इथे बसून ऐकू येत होतं. तू झाडांशी बोलतेस. पिवळ्यांच्या बाजूनं तुझा आवाज कधी आला नाही.'

'लाल कुठले ते तुम्हाला कसं कळलं?' मी विचारलं.

'ज्या बाजूनं तुझा आवाज येत होता, त्या बाजूचा रंग मी दूधवाल्याला विचारला,' ते म्हणाले.

म्हणजे त्यांना महिनाभर माहीत होतं आणि ते वाट बघत होते. मला ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हे पत्र तुझ्या मोठ्या साहेबांना दाखव. खाली माझी सही आहे, वर तारीख आहे.

ताई

•

१५ जुलै

ताई,

तुझं पत्र जिन्यात उभ्यानं वाचलं. मग खोलीत जाऊन दार लावलं आणि तुझ्याबद्दल असे शब्द उच्चारले की लिहिले तर कागद परत येईल. तुला माफ केलं असं लिहिणार नाही. अजून केलेलं नाही.

तरी झालं ते सांगते. पत्र मोठ्या साहेबांना दाखवलं नाही. तू घरच्यासारखं लिहिलं होतंस, ते त्यांच्या टेबलावर पसरावंसं वाटेना. मी स्वतः समितीपुढे जाऊन सांगितलं की तिसऱ्या तुकड्यात दोन्हीकडची मशागत सारखी नव्हती, म्हणून तो निकालातून काढून टाकावा, आणि हे घडलं कारण मी तो माझ्या सख्ख्या बहिणीच्या शेतात ठेवला. नवखा विद्यार्थीसुद्धा अशी चूक करत नाही. त्यांनी तुकडा काढून टाकला, काम पुढे चालू ठेवलं आणि विभाग चष्मेवाल्याला दिला. माझ्या कामाला तो प्रमुख. दाराला त्याची पाटी लागली आहे. मी रोज तिच्या समोरून जाते आणि रोज वाचते.

बाटल्यांचंही सांगायला हवं. तुझ्या लाल वाफ्यांखाली झिरपलेल्या पाण्यात पिवळ्यांच्या सहापट नत्र सापडलं. फळं तुझ्या हातावर भाळली, खाली गेलेलं पाणी नाही भाळलं. पण तू लालला दोन वेळा पाणी दिलंस म्हणतेस, म्हणजे तेही पुरावा म्हणून धरता येत नाही. माझ्यासाठी सगळ्यात चांगला आकडा तोच होता आणि तो मला स्वतःच्या हाताने खोडावा लागला.

आता माझं. आपल्या घरचा तुकडा असावा असं मी लिहिलं होतं ते प्रेमानं नव्हतं. चांगली जागा दुसरीकडे मिळत होती. मला तुझ्या मातीत, बाबांच्या डोळ्यांदेखत, तुझ्यापेक्षा चांगलं पीक काढून दाखवायचं होतं. त्यांना दिसत नाही हे मी विसरलेही होते. तू म्हणतेस माझं नाव घेताना त्यांचा सूर बदलतो. बदलतोच. पाहुण्यांशी बोलताना बदलतो तसा. फोनवर ते मला प्रकृती विचारतात, हवा विचारतात आणि मग दहा मिनिटं तुझ्या टोमॅटोंबद्दल बोलतात. तुझ्यावर चिडतात तसे माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. मला कुणी चिडायला घरचं नाही, हे तुला कसं कळणार?

नखरंगाचं खूप आठवून पाहिलं. खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. मला खरंच त्या आठवणीत मी एकटीच दिसत होते. स्टूल आठवतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि तरी मी पडले नाही, हेही आठवतं. का पडले नाही, हे पस्तीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही. वर्तमानपत्राला दुरुस्ती पाठवली. छापली नाही. विचारलं तर म्हणाले, बातमी आता जुनी झाली.

पुढच्या हंगामात पुन्हा तीन तुकडे हवे आहेत. चष्मेवाला म्हणाला, दुसऱ्या दोन जागा आहेत, तिसरी सुचवा. मी तुझं शेत सुचवलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ज्या बाईनं जुन्या खतावर दीडपट काढलं तिला एकदा भेटायचंय. बघ, त्यालाही तूच हवीस.

काम त्याच्या नावावर असेल. देशील का?

कणी

•

३ ऑक्टोबर

कणी,

उशीर झाला, कारण हो म्हणण्याआधी मला एक महिना लागला आणि मग लावणी सुरू झाली.

बाबांना सगळी पत्रं वाचून दाखवली, पहिल्यापासून, तुझी आणि माझ्याकडे असलेल्या माझ्या कच्च्या प्रतीही. दोन दुपारी लागल्या. ती मुलाखतही पुरी वाचली. 'मला कुणी चिडायला घरचं नाही' ही ओळ त्यांनी परत वाचायला सांगितली. संध्याकाळी तुला फोन करून, तू इतके महिने आली नाहीस म्हणून जे बोलले, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. एवढा आवाज त्यांचा मी वर्षभरात ऐकला नव्हता. मी भांडी घासत होते. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण तो आवाज आतापर्यंत फक्त माझा होता.

तुमचा चष्मेवाला येऊन गेला. मी वाळूची गोष्ट त्याच्या तोंडावर सांगितली. आता दोन्ही पिशव्यांतले दाणे एकाच लेपात घोळून आणलेत. मी चोळले, वास घेतला, जिभेवरसुद्धा ठेवून पाहिला. काही कळलं नाही. माणूस बरा आहे, पण तुझ्याबद्दल दर दोन वाक्यांनी 'मॅडम म्हणतात' असं म्हणतो. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिलं.

वाफ्यांना हात मी लावत नाही. काम शेजारच्या सुनेकडे दिलंय. बाळ झाडाखाली पाळण्यात असतं आणि ती घड्याळ लावून प्रत्येक वाफ्याला दहा मिनिटं देते, अकराव्या मिनिटाला मी बोलावलं तरी थांबत नाही. मी बांधावर बसून मोजते आणि लिहिते. हे सोपं आहे असं समजू नकोस. काल तिनं एक बगलफूट चुकवली, माझ्या समोर, आणि मी हाताची घडी घालून बसून राहिले.

या वेळी खुंट्या निळ्या आणि पांढऱ्या आहेत. निळे वाफे पुढे आहेत, फार नाही, पण रोज थोडे. तुझे कुठले ते मला खरंच ओळखता येत नाही. निळे तुझे निघाले तर माझ्या पोटात दुखणार आहे, आणि दुखायचं राहील असं मला या वयात वाटत नाही. तक्ता सोबत जोडला आहे. त्यातले आकडे खरे आहेत.

ताई